उसना श्वास

“तुजा बोट घाल गो, माजा नको,” पुतळाबाय म्हणाली आणि बोटाला लावायचा चिमटा तिने प्रियाच्या मांडीवर टाकला. “ती चकती पन तुज्याच छातीला लाव.”

“आजी, डॉक्टरांना कळेल ना.”

“काय कलते त्याला? त्याला निस्ता माजा तोंड दिसते.”

ते खरंच होतं. टॅबचा कॅमेरा पुतळाबायच्या चेहऱ्यावर होता. पलंगामागे फरशीवर अंग चोरून बसलेली भाडेकरीण खारघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दिसायचं काही कारण नव्हतं. प्रिया रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि पुतळाबायच्याच इमारतीत वरच्या खोलीत राहायची. घरमालकिणीला नाही म्हणायची हिंमत असलेला भाडेकरू घणसोली गावात अजून जन्मायचा होता. तिने चिमटा बोटाला लावला, चकती गाऊनच्या आत छातीवर धरली.

“आजी, मोठा श्वास घ्या,” टॅबमधून डॉक्टर म्हणाले. “आता सोडा. परत घ्या.”

पुतळाबायने तोंड उघडलं. श्वास प्रियाने घेतला.

“वा! छाती एकदम साफ. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. मागच्या वेळी केवढं पाणी होतं फुप्फुसात! पायांना सूज?”

“नाय बा,” पुतळाबाय म्हणाली. कॅमेऱ्याच्या खाली तिचे पाय भाकरीच्या पिठासारखे फुगले होते, बोट दाबलं तर खळगा पडत होता.

“मग अंगातलं पाणी काढायची गोळी अर्धी करू या. आणि रात्रीचा ऑक्सिजन आता नको.”

प्रियाने दचकून तिचं लुगडं ओढलं. पुतळाबायने मागच्या मागे तिच्या हातावर एक चापट मारली आणि टॅबकडे बघून गोड हसली.

“डॉक्टर, नातीचा लगीन हाय. गावू ना?”

“गा की! नाचासुद्धा.”

टॅब बंद झाल्यावर ती खोकत आडवी झाली, ती बराच वेळ उठलीच नाही.

यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. बोटात घातलं तर रक्तातला ऑक्सिजन सांगायचं, छातीला लावलं तर आतला आवाज जसाच्या तसा खारघरला पोचवायचं. मागच्या वर्षी त्या चकतीतूनच डॉक्टरांनी पाण्याची खरखर ऐकली आणि पुतळाबायला वेळेवर दवाखान्यात हलवलं. गावठाणातल्या गल्लीत ती एकटी धापा टाकत बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. मुलगा विपुल खारघरच्या टॉवरमध्ये राहायचा. हे यंत्र आणल्यापासून त्याला आईकडे यावं लागत नसे. तिचे आकडे त्याच्या फोनवर येत, आणि आकडे बरे असले की आई बरी, असा त्याचा साधा हिशेब होता.

पण पुतळाबायला लग्नात गायचं होतं. ती धवलारीण. आगरी लग्नात मांडवाशी बसून धवला गाणारी. देवांना, खाडीला, गेलेल्या वाडवडिलांना ती नावानिशी हाका मारून मांडवात बोलवायची. ते येऊन बसले की मग पुढचं लग्न. निम्म्या गावाची लग्नं तिच्या गळ्याने लावली होती. शाळा तिने पाहिली नव्हती, नवऱ्याच्या खळ्यावर चार मजले चढले त्यातलं तिला काही समजलं नव्हतं. तिला हे एवढंच येत होतं, आणि विपुलच्या मुलीचं, भाविकाचं लग्न गायला मिळावं एवढीच तिची शेवटची हाव होती.

विपुलने तिला नाही म्हटलं नव्हतं. विपुल कुणालाच नाही म्हणत नसे. “रिपोर्ट चांगला आला तर गा ना आई,” असं म्हणून त्याने ते यंत्रावर सोपवलं होतं. रिपोर्ट चांगला यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पुतळाबाय पलंगावर हिरवं लुगडं पसरून बसली होती.

“आयलास? बघितलास ना रिपोट? डॉक्टर बोलला गा.”

“बघितला.” विपुल उभाच राहिला. त्याला खुर्ची होती, पण बसला नाही. “आई, टेन्शन नको घेऊ. पण आपण धवला नाही ठेवलाय.”

“नाय ठेवला? मंग देव कोन बोलवील?”

“हॉल दोन तासांसाठी आहे. सगळं इव्हेंटवाल्यांकडे दिलंय. सासरच्यांना हे काय माहीत नाही. आणि खरं सांगू, भाविकालाच नकोय.”

“भाविका बोल्ली?”

विपुलने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याला तेही स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं.

“आजी, तू ये ना गं,” भाविका लाडात म्हणाली. “फक्त गाऊ नको, प्लीज. तुला दम लागतो, मध्येच थांबतेस, घरघर करतेस. सगळे व्हिडिओ काढणार. लोक हसतात गं.”

लहानपणी हीच पोर तिच्या मांडीवर धवला ऐकत झोपायची. पुतळाबायने लुगड्याची घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना.

“मुकी बसाला मी येत नाय,” ती म्हणाली.

विपुलच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसलं. ते त्याने लपवलंही नाही. “बरं, आराम कर मग. लाइव्ह आहे, टॅबवर बघ. आणि हे मशीन नेतो मी. भाड्याचं आहे, डॉक्टरांनी बंद सांगितलंय ना.”

त्याने कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं यंत्र उचललं. दारात प्रिया उभी होती. ती पुतळाबायकडे बघत राहिली. आता तरी बोलेल, असं तिला वाटलं. पुतळाबाय लुगड्याची घडी घालत राहिली. विपुल जिना उतरेपर्यंत यंत्राची नळी पायरीपायरीवर आपटत गेली.

“आजी, खरं सांगा त्यांना! नाहीतर मी सांगते.”

“सांगशील तं खोली खाली कर,” पुतळाबाय म्हणाली. थोडा दम खाऊन ती पुढे म्हणाली, “आता सांगला तं तो बोलंल, बरा झाला, हिला लग्नाला नेली नाय तेच.”

म्हातारीचा हट्ट तो. जीव गेला तरी चालेल, पण मुलाला बरं वाटता कामा नये. हे सांगताना मला तिचा रागही येतो आणि तिच्या जागी मी असतो तर वेगळं काही केलं असतं असंही वाटत नाही. प्रियाने विपुलला फोन केला नाही. तिने पूर्ण गोळी पुढे केली तर पुतळाबाय ती तोडून अर्धी परत द्यायची. “डॉक्टरनी अर्दी सांगलीय,” म्हणायची.

लग्नाच्या दुपारी प्रिया सुट्टी घेऊन खाली आली. पुतळाबाय हिरवं लुगडं नेसून, मुठीत अक्षता धरून टॅबसमोर बसली होती. ती गात होती. एक ओळ म्हणायची, थांबायची, तोंड उघडून हवा ओढायची, पुढची ओळ म्हणायची. गावदेवीला बोलावून झालं होतं, खाडीला बोलावून झालं होतं. आपल्या गेलेल्या सासऱ्याचं नाव घेताना तिचा आवाज बसला. तिचे ओठ निळे पडले होते.

प्रियाने चिमटा तिच्या बोटाला लावला. पुतळाबायचं स्वतःचं बोट कितीतरी दिवसांनी त्यात गेलं. आकडा ब्याऐंशीवर थांबला आणि यंत्र ओरडायला लागलं. प्रियाने आधी अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी गल्लीत शिरत नाही, पेशंटला रस्त्यावर, गावच्या तळ्यापर्यंत आणा, असं तिकडून सांगितलं. भाडेकरू कामाला आणि गल्ली लग्नाला गेली होती, उचलायला कुणी नव्हतं. मग तिने विपुलला लावला.

टॅबवर तो तिला दिसतच होता. फेटा सावरत, फोन कानाला लावून तो मांडवाच्या कडेला आला.

“दादा, आजींचं ब्याऐंशी आलंय! लवकर कोणालातरी पाठवा!”

“आला मेसेज मला. आज ही असं काहीतरी करणार, माहीतच होतं. गेल्या आठवड्यात अठ्ठ्याण्णव होतं ना? मशीन गंडलं असेल. तू आधी तुझ्या बोटाला लावून बघ, चालतंय का ते.”

मालकाने सांगितलं की करायचं, ही प्रियाची सवय. विचार करायच्या आत तिने चिमटा काढून आपल्या बोटाला लावला. ओरडणं थांबलं.

टॅबवर विपुलने फोन डोळ्यांसमोर धरला. तो हसला.

“हे बघ, आलं की अठ्ठ्याण्णव. नीट लावलं की येतं. उगाच घाबरवत जाऊ नको.”

“दादा, ते माझं आहे! तेव्हाही माझंच होतं!”

पण तिकडे ढोल सुरू झाला होता. विपुलने फोन खिशात टाकला आणि अक्षतांसाठी हात वर केला. तिने पुन्हा लावला. स्क्रीनवर त्याच्या खिशात फोन उजळलेला दिसला, त्याने तो वरूनच दाबून बंद केला. चिमट्यावरचा आकडा वाचणारी दवाखान्यातली माणसंही आता निवांत झाली असणार. टॅबच्या कोपऱ्यात संदेश आला होता, ‘पुतळा आजी, तुमचं रीडिंग उत्तम आहे’.

पुतळाबाय मागे कलंडली. प्रियाने पलंगावर चढून तिला पाठीमागून धरलं. स्क्रीनवर भाविकाच्या गळ्यात हार पडला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. पुतळाबायची मूठ सुटली आणि तांदूळ तिच्याच मांडीवर सांडले.

“आजी,” प्रिया तिच्या कानाशी म्हणाली, “मोठा श्वास घ्या.”

पुतळाबायचं तोंड उघडंच होतं. तिच्या पाठीला छाती लावून प्रिया एकटीच श्वास घेत राहिली.