तीन मिनिटांची कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. हसू नका. मी पत्र्याची आहे, पोटात स्प्रिंग आहे, आणि किल्ली दिल्यावर बरोबर तीन मिनिटांनी मी अशी खणखणते की पेंगणारा माणूस खुर्चीतून उठून बसतो. जन्म माझा अंडी उकडण्यासाठी झाला. पण उमेदीची बावीस वर्षं मी लांडग्यांच्या कामी घालवली.

माझी पहिली मालकीण म्हणजे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, एका खोऱ्यात गुरं पाळणारी टोलेफ्सन आई. तिची दोन मुलं, थोरली आर्डिस आणि धाकटा व्हर्लिन. मी वाजल्याशिवाय अंड्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम. आर्डिस हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी वाट बघायची. व्हर्लिनला कुठला धीर! आईची पाठ वळली की तो बोटाने माझी किल्ली पुढे सरकवायचा, मला वेळेआधीच वाजवायचा आणि कच्चंच अंडं मिटक्या मारत खायचा.

आई गेली. गुरं आणि कुरणं व्हर्लिनकडे राहिली, मी आर्डिसकडे आले. ती राज्याच्या वन्यजीव मंडळात कारकून होती. आमच्या खोऱ्यात एका हिवाळ्यात किती लांडगे मारू द्यायचे, तो आकडा हे मंडळ दरवर्षी ठरवतं. त्याआधी गावच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकतं, प्रत्येकाचं तीन मिनिटं. एका वर्षी वेळ दाखवणारा लाल दिवा बिघडला, म्हणून आर्डिसने मला पिशवीत घालून नेलं. पुढे दिवा दुरुस्त झाला, पण लोक म्हणाले, कोंबडीच बरी. दिव्याकडे काणाडोळा करता येतो, माझ्याकडे नाही.

किती माणसं बघितली मी! नारिंगी टोप्यांचे शिकारी, छातीवर लांडग्याचं चित्र मिरवणाऱ्या बायका, चिखलाच्या बुटांतले गुराखी. सगळे भांडायला आलेले, आणि सगळ्यांची तऱ्हा एकच. पहिलं अर्धं मिनिट आपण इथले कितव्या पिढीचे हे सांगण्यात जायचं. मग आजोबा, मग सरकारला दूषणं. लांडगा यायचा तो शेवटच्या वीस सेकंदांत, धापा टाकत. आर्डिसने मात्र कधी कोणाला एक सेकंद जास्त दिला नाही.

सहा वर्षांपूर्वी व्हर्लिन बोलायला उभा राहिला. त्या उन्हाळ्यात त्याची सात वासरं आणि म्हातारी कुत्री लांडग्यांनी मारली होती. आकडा दोनाचा सहा करावा, अशी मागणी गावाने केली होती. हातातली टोपी गोल गोल फिरवत तो वासरांबद्दल बोलला, कुत्रीबद्दल बोलताना अडखळला. मग म्हणाला, "एवढं सगळं झालं, तरी माझं मंडळाकडे मागणं—"

मी वाजले.

"व्हर्लिन, वेळ संपली," आर्डिस म्हणाली.

"अगं, एकच वाक्य राहिलंय!"

"सगळ्यांचं एकच वाक्य राहिलेलं असतं. बस खाली."

सभागृह खो खो हसलं. शेजाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो काय मागणार होता हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. आकडा सहा झाला. आणि त्या दिवसापासून व्हर्लिन बहिणीशी बोलेनासा झाला. नाताळात ती त्याच्याकडे सफरचंदाचा केक पाठवायची. तो भांडं घासूनपुसून तिच्या पायरीवर ठेवून जायचा, पण दार वाजवत नसे. मला फार वाईट वाटायचं. शेवटी वाजले होते मीच ना!

गेल्या शरद ऋतूत आर्डिसची शेवटची सभा होती. त्यानंतर ती निवृत्त होणार होती. निघताना तिने माझ्या पाठीवरची धूळ पुसली आणि पुटपुटली, "आज तो येऊ दे गं. मला दुसरं काही नको."

बोलणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव व्हर्लिनचं होतं. तिने मला किल्ली दिली.

"मी व्हर्लिन टोलेफ्सन. कितवी पिढी ते तुम्हाला पाठ आहे," तो म्हणाला. "माझं एक वाक्य राहिलं होतं. ते असं, की आकडा वाढवू नका. आमच्या डोंगरावरच्या जुन्या लांडग्यांची जोडी माझ्या गुरांना कधी शिवली नव्हती. ती त्या उन्हाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात मारली गेली. आकड्यात बसवून, कायद्याने. मागे राहिलेल्या पोरांना हरीण धरता येईना, ती वासरांवर आली. माझं आपलं असं मत. चूकही असेल."

सभागृहात चुळबुळ झाली. मागून त्याचा शेजारी डुएन गुरगुरला, "मग तेव्हा का तोंड शिवलं होतंस?"

"तेच सांगतोय, डुएन. तेव्हा कोंबडी वाजली आणि मला हायसं वाटलं. तुम्ही सगळे मागे बसला होतात. बोललो असतो, तर माझं गवत कापायला एक जण आला नसता. नंतर तेच वाक्य बोलायला सहा वर्षं होती माझ्याकडे. कोणी अडवलं होतं? पण बहिणीवर रुसून बसणं सोपं होतं, म्हणून बसलो."

माझी दीड मिनिटं अजून शिल्लक होती. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही. झालं माझं."

नियमाप्रमाणे आर्डिसने मला थांबवायला हवं होतं. तिने हात लावला नाही. ती भावाकडे बघत राहिली, तो टोपीकडे, आणि मी आपली टिकटिकत राहिले. शेवटी वाजले.

"व्हर्लिन, वेळ संपली," ती म्हणाली.

"या खेपेला पुरली गं," तो म्हणाला.

मंडळाने आकडा चार केला. गावात कोणीच खूश नाही, म्हणजे बहुधा बरोबर असावा, असं आर्डिस म्हणते. डुएन शिव्या घालत का होईना, गवत कापायला आला.

आता मी पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते. तब्येत ठीक आहे, स्प्रिंग थोडी सैल झाली आहे. तुम्हाला माझं एवढंच सांगणं, बाबांनो: तुमचं कोणाशी बोलायचं राहिलं असेल तर बोलून टाका, आणि खापर माझ्यासारखीच्या माथी फोडू नका. वाजणं हा आमचा धर्मच आहे.

दर रविवारी व्हर्लिन न्याहारीला येतो. सहासष्टाव्या वर्षीही त्याचं बोट माझ्याकडे येतंच, आणि आर्डिस त्यावर चापट मारते. गेल्या रविवारी मात्र तिने बघितलं आणि मुकाट्याने खिडकीबाहेर नजर वळवली. मी दोन मिनिटांतच वाजले, आणि सत्तरीच्या आर्डिसने जन्मात पहिल्यांदा कच्चं अंडं खाल्लं.