विहिरीचा भाग

माहितीपट लावला की त्यातली माणसं बाहेर येतात, हे टीव्हीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून ते तो लावायचं नावच काढत नाहीत. मालिकेतली माणसं येत नाहीत. त्यांचं आत झकास चाललेलं असतं, येतील कशाला?

शर्वाणीनं आपला माहितीपट चॅनेलच्या टिपणीस साहेबांना दाखवायला लावला आणि थोड्याच वेळात ठकुबाई पडद्याची कड ओलांडून टेबलावर उतरली. दोन्ही हातांत ताणलेला दोर. दोराचं दुसरं टोक मागं पडद्यात, पाड्यावरच्या विहिरीत. तिथं तिची सून हौसा लटकत होती. तळाचं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायला उतरली होती.

साहेबांनी चटकन चित्र थांबवलं.

"बघा मॅडम, इथंच घोडं पेंड खातं," ते म्हणाले. "मागं मिठागरवाले आले, ते अजून कँटीनमध्ये बसलेत. मग विणकर आले. लिफ्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही. हे घरोघरी झालं तर? लोक जेवताना टीव्ही बघतात हो!"

"साहेब, चालू करा," ठकुबाई म्हणाली. "सून खाली हाय."

"आजी, चालू केलं तर अख्खा पाडा इथं येईल."

"यीना का. तिला आधी वर येऊ द्या."

शर्वाणीनंही दोर धरला. चित्र थांबलं होतं, पण दोर जडच होता. बाई आणि वर भरला हंडा. तळहात सोलून निघाले. तेवढ्यात, पडद्यातलं माणूस आत आलं की आकसायची तशी खोली आकसली आणि साहेबांची खुर्ची तिच्या गुडघ्यांना टेकली. त्यांना त्याची सवय असावी.

"मी काही वाईट माणूस नाही," ते म्हणाले. "विहिरीचा भाग काढू, बाकीचं लावतो. डोंगर आहे, लग्न आहे, गाणी तर फर्मास आहेत. रविवारी दुपारी. सगळं शहर बघेल."

सगळं शहर! या दारातून त्या दारात फिरून शर्वाणीचा जीव मेटाकुटीला आला होता. पाड्याला तिनं शब्द दिला होता. विहीर नसली तरी पाडा तर दिसेल.

"विहीर काढली तर हौसा कुठं ऱ्हाईल?" ठकुबाईनं विचारलं.

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं मनाशी म्हणत तिनं मान डोलावली.

साहेबांनी फोन उचलला. "कापा," म्हणाले.

दोर हलका झाला.

शर्वाणीचे हात सुटले. ठकुबाई ओढत राहिली. दोर भराभर येऊ लागला, आधी कोरडा, मग ओला, मग पुन्हा कोरडा. टेबलावर, साहेबांच्या मांडीवर, दारापर्यंत ढीग साचला. टोक काही येईना.

"ताई, धरा की," ठकुबाई म्हणाली.