नामपल्लीची खोली

लॉजवाला फोनवर हसला, तसा सौरभनं फोन कट केला.

"काय म्हनला?" कैलासनं विचारलं.

"'दो आदमी और एक बेड? घरवाली को लाओ ना, साहब.'" सौरभनं मोबाईल डॅशबोर्डवर टाकला. "हा तिसरा."

हिंजवडीत कंपनीच्या गेटबाहेर कैलासची इंडिका उभी होती. गाडी कंपनीच्याच माणसांच्या ने-आणीला लावलेली. सौरभ अमरावतीचा, त्याच कंपनीत नोकरीला आणि जांब्यात कैलासच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा. दोघांचं जे काही होतं ते या गाडीतच होतं, तेही चालत्या. वरच्या खोलीला पत्र्याचं दार, आणि खाली अंगणात कैलासची आई साळूबाई दिवसभर. म्हणून हैदराबाद ठरलं. दोन दिवस. तळ्याकाठी हिंडायचं, बिर्याणी खायची आणि आतून कडी लागणाऱ्या खोलीत भरदुपारी झोपायचं. कैलास एकतिशीचा झाला होता, पण कोल्हापूरच्या पुढं कधी गेला नव्हता.

"पावसाळ्यात कोर्टाचा निकाल लागलाय," सौरभ म्हणाला. "आता गुन्हा नाहीये आपला."

"निकाल दिल्लीत लागला. जांब्यात न्हाई."

मग पुण्यातल्या एका मित्रानं सौरभला एक नंबर दिला. कुणी काका होते. आपल्यासारख्यांनी परगावी कुठं उतरावं, काउंटरवर काय बोलावं, हे ते सांगायचे. स्वतःचं नाव मात्र सांगत नसत. सौरभशी ते फोनवर मायेनं बोलले. आडनावं वेगळी आहेत, तेव्हा भाऊ म्हणू नका. कंपनीच्या कामाला आलोय म्हणा. ओळखपत्र मागायच्या आधी स्वतःहून पुढं करा. लॉजचं नाव मात्र सांगेनात. "तिथला माणूस माझा आहे," म्हणाले. "त्याच्याकडे कुणाला पाठवतोय ते मला डोळ्यांनी बघू दे." रविवारी सकाळी कोळवण फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी बोलावलं.

रविवारी दोघं निघाले. खाचरांतलं भात पिवळं पडायला लागलं होतं. टपरीच्या बाकावर एकच माणूस बसलेला. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. कैलासनं त्याला पाहिलं आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

"अरे, काय झालं?"

"बंडोपंत गुरुजी हायेत." कैलास मान वळवून मागचा रस्ता बघत होता. "चौथीला व्हते मला. घरी येत्यात. गेल्या महिन्यात माझ्यासाठी स्थळ आनलंय त्यांनी."

"मग सहज बसले असतील चहाला," सौरभ म्हणाला आणि त्यानं तो नंबर लावला.

बाकावरच्या माणसानं सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला.

कैलासचा पाय क्लचवरून निसटला. गाडी गचका खाऊन बंद पडली. त्या आवाजानं गुरुजींनी वर बघितलं. गाडी त्यांच्या ओळखीची होती. गणपतीत याच गाडीनं कैलासनं त्यांना पौडला घरी सोडलं होतं. फोन त्यांच्या कानाला तसाच राहिला. सौरभच्या फोनमधून "हॅलो" आलं आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला.

शेवटी गुरुजीच उठले. मागचं दार उघडून आत बसले.

"गाडी जरा पुढं घे, कैलास. इथं नको."

अख्खा वर्ग ज्या आवाजाला टरकायचा, तो कापत होता. कैलासनं बांधाकडेला गाडी उभी केली. आरशात गुरुजींचा चेहरा दिसत होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर हलतही नव्हती.

"गुरुजी, तुमी?"

"हो."

"कवापासनं?"

"तुला पाढे शिकवत होतो तेव्हाही."

सौरभ खिडकीबाहेर बघत राहिला.

"आन् मला पोरगी दाखवायला तुमीच," कैलास म्हणाला.

"साळूबाईंनी सांगितलं, मी आणली. मलाही अशीच कुणीतरी आणून दिली होती."

"मी व्हय म्हनलो असतो तर?"

गुरुजींनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "तर अक्षता टाकायला आलो असतो," ते म्हणाले. "जेवूनही गेलो असतो."

खोटं काहीतरी ऐकायची कैलासनं तयारी ठेवली होती. याची नव्हती. त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

गुरुजी मग खालमानेनं सांगत गेले. हैदराबादला नामपल्ली स्टेशनच्या मागं लॉज आहे. नरहरी तिथं मॅनेजर आहे, मराठीच. तो काही विचारणार नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या अधिवेशनाला म्हणून गुरुजी त्याच्याकडे जात. अधिवेशन कधीच नसे. बायकोचं, रजनीबाईंचं, एक अंग लुळं पडलं, त्या वर्षापासून जाणं बंद झालं.

त्याच संध्याकाळी गुरुजी जांब्यात हजर. साळूबाईनं चहाचं आधण ठेवलं.

"साळूबाई, ते स्थळ मी मोडतोय," गुरुजी उभ्यानंच म्हणाले. "पुरती चौकशी न करता आणलं. चुकलं माझं."

साळूबाईला काही उमजेना. "मोडताय? आवं, मी भावकीत सांगून बसलीया. काय कमी हाय माझ्या पोरात?"

"पोरात काही कमी नाही."

हे बोलताना त्यांनी कैलासकडे बघितलं. कैलास जागचा हलला नाही.

"मंग तुमच्यात हाय," साळूबाई म्हणाली. "परत आमच्या दारात स्थळ घिऊन येऊ नगा."

"नाही आणणार. कुणाच्याच दारात."

चहा उकळला होता. साळूबाईनं भांडं उतरवलं आणि त्यावर झाकण ठेवून ती आत निघून गेली. या घरातून गुरुजी चहाविना कधी गेले नव्हते.

त्यांना सोडायला कैलासनं गाडी काढली. पौडला घरापाशी गाडी थांबल्यावर त्यानं विचारलं, "नरहरींना काय सांगू?"

गुरुजी उतरले, पण दार धरून उभे राहिले. "बंडोपंतानं पाठवलंय, एवढं सांग. मी कसा आहे असं विचारलं, तर बरा आहे म्हण." ते दार लावू लागले. "नाहीच विचारलं, तर मुद्दाम नको सांगूस."

पायरीवर त्यांनी चपला काढून भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. आतून रजनीबाईंची हाक आली, "कोण आलंय?"

"कुणी नाही," गुरुजी म्हणाले. "मीच."