नाव न घेतलेला पाला

“पाला वाटू नको माय. या खेपेले तसाच दे. देठासकट, फुलासकट.”

खेमराज उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला. मी वरवंटा थांबवला नाही. जू घासून बैलाचा खांदा सुजला, की आमच्या केशोरी गावचा माणूस माझ्या दारी येई. मी सूर्योदयापूर्वी एकटी जाऊन पाला खुडीत असे आणि ओळखू येणार नाही इतका बारीक वाटून देत असे. ही विद्या मला सासूबाईंनी दिली आणि तिच्यासोबत एक अटही घातली: पाल्याचे नाव कुणापुढे उच्चारायचे नाही. उच्चारले, की हाताचा गुण जातो. तीस वर्षे मी ती अट पाळली.

माझा मुलगा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. पूर्वी वर्षातून एकदा, पोळ्याला तेवढा येई. सत्तावन्न साली त्याच्या साहेबांनी गावठी औषधे तपासायला घेतली, तेव्हा खेमराजने आपल्या घरचा पाला सुचवला. त्यानंतर तो दर महिन्याला येऊ लागला. गोंदियाला गाडी बदलून अर्जुनीला उतरायचा, तिथून बैलांच्या दमणीने घरी. एक मुक्काम करायचा आणि वाटलेल्या पाल्याची पिशवी घेऊन परतायचा.

पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायात अंड्यातला पांढरा भाग टोचला की पाय सुजतो, असे त्याने पहिल्याच खेपेला मला सांगितले होते. मग अर्ध्या उंदरांना नुसते पाणी पाजायचे, अर्ध्यांना पाल्याचा अर्क, आणि सूज मोजायची.

“मुद्दाम सुजवता?” मी विचारले होते. “कायले? आमच्या इथं सुजलेले बैल का कमी आहेत?”

“बैल पिंजऱ्यात मावत नाही, माय.”

आमची दमणी हाकणारा दुधराम अंगणातून हसला होता. “मंग मलेच ने ना, खेमराजभाऊ. माहा गुडघा तं फुकटातच सुजला आहे.”

अर्क दिलेल्या उंदरांची सूज निम्म्यावर आली. एकदा नव्हे, चार वेळा. खेमराजच्या वहीत औषधाच्या जागी ‘केशोरी पाला’ एवढेच लिहिलेले असे. त्याचीच आता अडचण झाली होती.

“साहेब म्हणते, बिननावाच्या पाल्याचा अहवाल कोणी छापत नाही,” तो म्हणाला. “झाड कोणतं ते नाही कळलं, तं एक तारखेपासून माहे पिंजरे दुसऱ्याले देऊन टाकतीन. दोन वर्षं झाली माय, मी हेच करून राहिलो.”

“नाव घेतलं का माह्या हातचा गुण जाते.”

“गुण पाल्यात आहे. उंदराले तुहा हात कुठं लागते?”

“काऊन नाही लागत? वाटते कोण?”

तो उंबऱ्यावरच टेकला. हळू आवाजात म्हणाला, “पहाटे तुह्या मागं येऊन मी पाहू शकत होतो. कधी आलो नाही.”

हे खरे होते. माझ्या पोटचा मुलगा माझ्या शब्दाची मर्यादा राखत होता आणि मी मात्र सासूबाईंच्या अटीआड लपले होते. ते झुडूप कुठेही उगवते, नागपुरासही उगवत असणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ज्या दिवशी मी नाव सांगेन त्या दिवशी पिशवी संपेल, आणि पिशवीसोबत महिन्याचा तो एक मुक्कामही.

मी वरवंटा बाजूला ठेवला, हात धुतले आणि नाव उच्चारले. इथे ते मी लिहिणार नाही. ते त्याला सांगितले, तेवढे पुरे.

खेमराज मोठ्याने हसला. “ते? अवो माय, ते तं आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणालेच लागून आहे!”

“मंग बरंच झालं,” मी म्हणाले. “जेवून घे. गाडी चुकन.”

जेवताना तो भराभर बोलत होता. अहवाल कसा लिहायचा, साहेब काय म्हणतील, कुंपणाजवळची पाने उद्याच कशी खुडायची. मी वाढत होते. निघताना वाकून नमस्कार करीत म्हणाला, “पोळ्याले येतो, माय.”

कार्तिक चालू होता. पोळ्याला अजून नऊ महिने होते.

दमणी हलली तसा दुधराम ओरडला, “मोठीमाय, पिशवी राहिली ना!”

“आता नाही लागत,” मी म्हणाले.

दर खेपेला ती जड पिशवी मांडीवर सांभाळीत बसल्यामुळे खेमराजला मागे वळून पाहता येत नसे. आज त्याचे दोन्ही हात मोकळे होते. दमणी तळ्याच्या पाळीवर चढेपर्यंत तो ते दोन्ही हलवत राहिला. शेजारच्या सुशीलाबाई डोईवर पाण्याचा गुंड घेऊन वाटेत पाहत थांबल्या होत्या. मी हात वर केला नाही. पदराखाली एका हाताने दुसरा घट्ट धरून मी तशीच उभी राहिले.