पाण्यात वाहिलेले फूल

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. माझ्या आत चोवीस बश्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. म्हणजे ठरावीक ऊब धरून ठेवणारी पोलादी पेटी. माझे तापमान सदतीस अंश असते, निरोगी माणसाच्या शरीराइतके. आत हवा खेळवणारा लहान पंखा आहे आणि तळाशी पाण्याचा ट्रे. त्या पाण्यामुळे हवा दमट राहते व बश्यांमधील पेशी सुकत नाहीत.

माझी उमेदीची वर्षे रबाळ्याच्या एका औषध कारखान्यात गेली. तळवलीचे कमळाकर तेथे माझी देखभाल करीत. दर खंडेनवमीला ते मला पुसून लख्ख करीत, दाराला झेंडूचा हार घालीत आणि आतल्या पाण्यात हळदकुंकू व एक फूल वाहत. "आमच्या खाडीवर पान्याला इसरून पूजा नाय होत," असे ते सांगत. सणाच्या सुट्टीत मी रिकामाच असे. नंतर पाणी बदलले की झाले. त्या पूजेचा मला फार अभिमान वाटे.

पुढे नवी यंत्रे आली आणि मला कोपऱ्यात ढकलण्यात आले. माझ्या डोक्यावर खोकी रचली गेली. दोन वर्षांनी त्याच औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्रयोगशाळेने मला विकत घेतले. निवृत्त झालेले कमळाकरही योगायोगाने तेथेच कामाला लागले. मला ओळखून त्यांनी दारावर थाप मारली. "काय रं म्हाताऱ्या, तुला पन घरी बसवत नाय का?"

तेथे डॉ. अस्मिता आतड्याच्या पेशींवर संशोधन करीत. मित्रांनो, आपल्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ नवे होते. अस्तराच्या खोल खाचांत मूळ पेशी असतात. त्या नव्या पेशी घडवीत राहतात. अशा पेशी बशीत नीट जोपासल्या, तर त्यांचे खसखशीहून बारीक, पोकळ गोळे होतात. ती आतड्याची सूक्ष्म प्रतिकृतीच म्हणा.

माझ्याजवळच्या बश्यांत सहा वर्षांच्या क्रांतीच्या पेशी होत्या. शस्त्रक्रियेत तिचे बरेचसे आतडे काढावे लागले होते, त्यातून त्या मिळाल्या. उरलेल्या आतड्याला पुन्हा हात लावायला डॉक्टर तयार नव्हते. तीन औषधांपैकी कोणते तिला मानवेल, हे आता या बश्यांवरच तपासता येणार होते.

दसऱ्याच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी अस्मिता मंगळवारीच आईवडिलांना घेऊन नागपूरला निघाल्या. निघताना त्या म्हणाल्या, "काका, सदतीसचा आकडा तेवढा बघत राहा. हलला तर लगेच फोन करा."

"टेन्शन नका घेऊ मॅडम, मी हाय ना."

कमळाकरांनी शब्द पाळला. आकडा तसूभरही हलला नाही. पण त्या बुधवारी खंडेनवमी होती. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी अंघोळीच्या ओल्या केसांनिशी माझे दार उघडले, पाण्यात हळदकुंकू वाहिले, त्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले.

शनिवारी सकाळी अस्मिता परतल्या. दार उघडताच त्या थबकल्या.

"काका, हे पाण्यात काय आहे?"

"पूजा केली मॅडम. वर्साचा सन."

अस्मितांनी एकेक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशींच्या गोळ्यांभोवती पांढरे धागे पसरले होते. फुलाबरोबर बुरशीचे बीज आत आले होते. माझ्या उबेने ते रुजले आणि माझ्याच पंख्याने ते बशीबशीत पोचवले. जी ऊब पेशींना जगवते, ती बुरशीलाही मानवते.

कमळाकरांचा चेहरा उतरला. "बाय, आत काय होता?"

"एका लहान पोरीच्या आतड्याच्या पेशी होत्या, काका. जिवंत."

ते स्टुलावर बसले. "मना म्हायीत असता तं मी दाराला पन हात लावला नसता."

"चूक माझी आहे. मी तुम्हाला आकडा सांगितला. आत काय आहे, ते सांगितलंच नाही."

मग एक स्वच्छ दिसणारी बशी ठेवून त्यांनी कमळाकरांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. "ही क्रांती."

बराच वेळ ते डोळा लावून होते. "हलतंय काय गं?"

"नाही. वाढतंय."

एकोणीस बश्या नष्ट कराव्या लागल्या. उरलेल्या पाच शेजारच्या प्रयोगशाळेतील रिकाम्या इन्क्युबेटरात हलवल्या. कमळाकरांनी माझा प्रत्येक कप्पा सुटा केला, स्पिरिटने पुसला, कडक तापवला. या वेळी थाप नाही, थट्टा नाही. रोज सकाळी ते शेजारी जाऊन दारातूनच विचारीत, "आज किती?"

पहिल्या दिवशी उत्तर आले पाच. मग तीन. मग दोन.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळ हार मिळाले. ते प्रेमाचेच होते, म्हणून त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण जे यंत्र तुमच्या हाती येईल, त्याच्या आत काय जपलेले आहे ते आधी विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर सोबत्याने विचारण्याआधीच त्याला सांगा. मला आता स्वच्छ फडके, निर्मळ पाणी आणि बंद दार एवढेच पुरे.

शेवटी उरलेल्या एकाच बशीपासून पेशी पुन्हा वाढवण्याचे काम सुरू आहे. क्रांतीच्या औषधाची चाचणी नऊ आठवडे लांबली.

चोवीस बश्यांपैकी वाचली एक.