अठ्ठ्याहत्तर टक्के पाणी

"ज्याला पाण्याची पातळी कळली, त्याला दुनिया कळली!" रावसाहेबांनी आरशाकडे बघून जाहीर केलं आणि वस्तरा धुवायला नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"दुनिया राहू द्या, दुसरा गाल उरका," रखमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "इकडंही ठणठणाट आहे."

रावसाहेबांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्तीनंतर नेरूळच्या या सोसायटीची गच्चीवरची टाकी आपोआप त्यांच्या वाट्याला आली. टाकीला त्यांनी बाहेरून एक पारदर्शक नळी बसवली. आत जेवढं पाणी, तेवढं नळीत दिसायचं. गच्चीची चावी खिशात घालून ते दिवसातून दोनदा वर जात, नळी बघत आणि तासाभराने खाली येत. नळी बघायला तास का लागतो, हे रखमाने कधी विचारलं नाही. वर खाडीचा वारा छान येतो, हे तिलाही माहीत होतं.

मग सेक्रेटरी नंदकिशोरने टाकीत सेन्सर बसवला. पातळी मोबाइलवर दिसणार, पाणी उतरलं की पंप आपला आपण सुरू होणार. "काका, आता आराम करा," म्हणत त्याने शनिवारी चावी मागून घेतली. तेव्हापासून रावसाहेबांचा हात दिवसातून दोनदा रिकाम्या खिशात जाऊन येत होता.

आज सोमवार. एका गालावर फेस तसाच ठेवून ते खाली उतरले. आवारात बादल्या घेऊन अर्धी सोसायटी जमलेली आणि मधोमध मोबाइल उंच धरून नंदकिशोर.

"टाकीत अठ्ठ्याहत्तर टक्के पाणी आहे! टेन्शन घेऊ नका. पाइप तुंबलाय, प्लंबर येतोय."

"काल किती होतं?" रावसाहेबांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"शनिवारी?"

"अठ्ठ्याहत्तरच. किती स्टेडी आहे बघा ना, काका!"

"सेक्रेटरीसाहेब, दोन दिवस काय बिल्डिंगने आंघोळ केली नाही? बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी थरथरलं पाहिजे. गप्प उभं राहिलं, की काच तुंबली समजायचं. मग खालचा कॉक सोडून काच रिकामी करायची. पाणी पुन्हा चढलं तरच तिच्यावर विश्वास. हे रोज, प्रत्येक पाळीला. चावी आणा."

दोघं वर गेले. टाकी कोरडी होती. सेन्सरचा तरंगता गोळा आतल्या शिडीच्या पायरीत अडकून मजेत बसला होता. रावसाहेबांनी काठीने त्याला ढोसलं. गोळा सुटून खाली गेला, मोबाइलवर शून्य उमटलं, आणि पंप घरघरला.

नंदकिशोरने मोबाइल खाली घेतला. मग त्याने चावी पुढे केली. "मोबाइल माझ्याकडे राहू दे काका, चावी तुमच्याकडे. रोज एकदा गोळा हलवून बघत जा."

"दोनदा," रावसाहेब म्हणाले आणि चावी खिशात टाकली. रिकामा खिसा पुन्हा भरला.

ते कठड्याशी आले. खाली सगळे माना वर करून उभे होते. कुणीतरी बादली वाजवली. रावसाहेबांनी घसा साफ केला.

"रहिवासी बंधू-भगिनींनो! पाण्याची पातळी म्हणजे..."

"काका!" तिसऱ्या मजल्यावरच्या वैजयंतीने खालून हाक मारली. "चावी मिळाली ना? शनिवारपासून माझ्या कुरडया वर अडकल्यात. येताना तेवढ्या घेऊन या."