दुसरी चटई

“नाचणारे इकडे, खुर्च्या लावणारे तिकडे!”

फिजीतल्या लंबासा गावच्या शाळेतल्या आमच्या मास्तरांचा हा आवाज. ऊसतोड संपली की शाळेत समारंभ व्हायचा, मास्तर पायरीवर उभे राहून हाक द्यायचे आणि मी निमूट खुर्च्यांकडे वळायची. मास्तर कधीच गेले. आवाज मात्र अजून कानाच्या एका कोपऱ्यात पाय पसरून बसलाय. मी शिक्षिका झाले, राजधानीत सुवाला आले, तेव्हा मनाशी एवढंच धरलं की माझ्या वर्गात खुर्च्या सगळेच लावतील आणि नाचतीलही सगळेच.

हे बोलायला सोपं होतं. मग माझ्या वर्गात मेलेता आली.

मेलेता किओआ बेटावरची. तिथली माणसं मूळची तुवालूची, सागरापलीकडून येऊन त्या बेटावर वसलेली. आमच्या शाळेत मूळच्या फिजीवासींची मुलं ढिगानं, उसाच्या मळ्यांवर करारानं हिंदुस्थानातून आणलेल्या आमच्या गिरमिटियांची पोरं ढिगानं, रोतुमा बेटाची मूठभर, चिनी चार-दोन. किओआची मेलेता एकटी. केस घट्ट विंचरलेले, डोळे स्वच्छ, आणि तोंडाला जणू कुलूप. हजेरीला मान हलवायची. उत्तर येत असलं तर फळ्यावर लिहायची, पण बोलायची नाही.

एका दुपारी तिची आत्या मला भेटायला आली. मेलेता तिच्याकडेच राहायची.

“मॅडम, तिचे आजोबा येतायत. शाळेच्या समारंभाला येतील आणि परतीच्या बोटीनं तिला घेऊन जातील.”

“का? हुशार आहे पोरगी!”

“असेल. पण ते म्हणतात, बेटावर ही पोपटासारखी बोलायची. जिथं पोर मुकी होते तिथं तिला ठेवायची कशाला?”

“आणि मेलेताला काय हवंय?”

आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी समुद्राला त्याचं मत विचारलं होतं. “आमच्यात मोठ्यांचं ठरत असताना लहानांनी तोंड घालायचं नसतं, मॅडम.”

मी मेलेताला बाजूला घेतलं. “बाळ, तुला जायचंय की राहायचंय?” तिनं खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा खांदे. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती खिडकीतून बंदराकडे पाहू लागली.

समारंभाची आखणी सुरू झाली. हेडमास्तर वाकानिवालूंनी गट पाडले. फिजी, भारतीय, रोतुमा, चिनी. मी म्हटलं, “आणि किओआ?”

“मॅडम, एक मुलगी म्हणजे गट नव्हे. तिला फिजीच्या नाचात उभी करा. मागच्या ओळीत खपून जाईल.”

“खपून जायला ती काय शिळा पाव आहे, सर?”

हेडमास्तर हसले, पण यादीत नाव काही घातलं नाही. म्हणाले, “गट आणा, नाव घालतो.”

गट कुठून आणू? वर्गात त्या दिवशी भरती-ओहोटीचा धडा होता. चंद्र पाणी कसं ओढतो, हे सांगून माझा घसा बसला होता. इसोआ, कंदावू बेटाचा, वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा, बाकावर डोकं टेकून म्हणाला, “मॅडम, हे डोक्यात शिरत नाही. गाणं असतं तर शिरलं असतं.”

तेवढ्यात पाठीमागून बाकावर थाप पडली. हळू, एकेक. सगळे वळले. मेलेता तळव्यानं ताल धरून ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणत होती. सगळे बघतायत हे कळल्यावर ती थांबली, पण इसोआ आता सोडतोय होय!

“ए, थांबू नकोस! काय आहे ते? परत म्हण!”

तिनं परत म्हटलं. तिच्या भाषेत, आमच्या धड्याचं. अर्थ मी तिच्याकडून लिहून घेतला:

चंद्र ओढतो पाणी गं,
पाणी ओढतं होडी,
होडी ओढते माणसाला,
माणूस ओढतो दोरी.

“हा फातेले आहे,” ती इतक्या हळू म्हणाली की पुढच्या बाकाला ऐकूच गेलं नाही. “नाच. मधे लाकडी खोकं ठेवायचं. सगळ्यांनी भोवती बसून बडवायचं. नाचणारे मागं.”

अशा रीतीनं माझा सगळा वर्गच किओआचा झाला. हेडमास्तरांनी डोकं खाजवत नाव घातलं.

तालीम म्हणजे रोजची गंमत. अविनेश ढोलकी वाजवणारा. त्याच्या बापाची भजनमंडळी लग्नातही वाजवायची. त्यानं खोक्यावर हात टाकला की पहिल्या ओळीलाच घोडे सुटायचे.

“अरे, नवरदेव पळून चाललाय का?” इसोआ ओरडायचा.

“तुझ्यासारखं यंगोनाच्या मुळीचा काढा पिऊन पेंगत वाजवू होय?”

मेलेता दोघांच्या मधे बसून अविनेशचे हात धरायची. “हळू. म्हातारी माणसं वाळूत चालतात तसं. तेच गाणं परत, थोडं जोरात. परत, आणखी जोरात. पाणी चढतं तसं. आधीच पळालास तर चढणार कुठं?”

एवढं लांब बोलणं मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. पण ते खोक्याभोवतीच. वर्गात आली की पुन्हा कुलूप.

अविनेशच्या आईनं केवड्याची सुकी पानं लाल-पिवळी रंगवून घागरे केले. इसोआच्या घरून चटया आल्या. मेलेता रोज तालमीला एक चटई आमच्यासाठी घालायची, आणि समोर दुसरी. तिच्यावर आणखी एक रिकामं खोकं.

“ही कशाला गं?”

“असू दे, मॅडम.”

समारंभाच्या दिवशी मैदान फुलून गेलं. भुईत भाजलेल्या कसाव्याच्या कंदांचा आणि रोटीतल्या बटाट्याचा वास एकमेकांच्या गळ्यात पडला होता. फिजीच्या पोरांनी भाले नाचवले, आमच्या मुलींनी घुंगरू वाजवले, चिनी पोरांच्या सोंगातल्या सिंहानं हेडमास्तरांची टोपी पळवली. मेलेताचे आजोबा पुढच्या रांगेत बसले होते. रुंद खांदे, पांढरा सदरा, हातातल्या काठीवर हनुवटी. ना टाळी, ना हसू. शेजारी आत्या, तिचा नवरा आणि बोटीवरचे दोघे गाववाले.

आमचं नाव पुकारलं. हेडमास्तर मधेच ओरडले, “ती रिकामी चटई कोणाची राहिली? गुंडाळा कुणीतरी!”

“राहू दे!” मेलेता म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं. हेडमास्तर बिचकले.

गाणं सुरू झालं. अविनेशनं जीभ दाताखाली धरून हात आवरले होते. म्हातारी माणसं वाळूत चालावीत तसं. चंद्र ओढतो पाणी गं. दुसऱ्यांदा खोकं गरजलं. तिसऱ्यांदा इसोआच्या मानेच्या शिरा फुगल्या. पाणी चढत गेलं, चढत गेलं, मुलींच्या हातांच्या लाटा झाल्या, घागरे भिरभिरले, खोक्याची एक फळी उडाली तरी हात थांबेनात, आणि ऐन शिखरावर, एका थापेत, सगळं थांबलं.

मैदान ओरडलं. रोतुमाच्या एक आजीबाई पावडरचा डबा घेऊन धावल्या आणि इसोआच्या मानेवर भसाभसा ओतू लागल्या. त्यांच्या रीतीत नाच आवडला म्हणजे ओतायचंच.

पण मेलेतानं नमस्कार केला नाही. ती वळली. रिकाम्या चटईसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तिकडची बाजू कुठे गेली?” ती ओरडली. “झोपली का? किओआची माणसं म्हातारी झाली का?”

आत्यानं पदरासारखा रुमाल तोंडावर घेतला. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फातेलेला दोन बाजू लागतात. एका बाजूनं गायलं आणि दुसरीनं उत्तर दिलं नाही, तर मान खाली घालायची वेळ त्या दुसरीवर येते. पोरीनं ही चटई सगळे दिवस एकाच माणसासाठी अंथरून ठेवली होती.

आजोबांनी काठीवरची हनुवटी उचलली. “एवढी तोंडाळ नात कोणाची आहे?”

“तुमचीच!” सगळा वर्ग एका सुरात.

“ही मुकी झाली म्हणून कोणी सांगितलं मला?” त्यांनी रागानं आत्याकडे बघितलं, काठी तिच्या मांडीवर टाकली आणि चटईवर जाऊन बसले. गाववाले बसले, आत्याचा नवरा बसला. तरी चटई रिकामीच दिसत होती. म्हाताऱ्यानं गर्दीकडे हात केला. “ए बाई, ए दादा, बघता काय? या!”

“आम्हाला शब्द येत नाहीत हो!” अविनेशची आई म्हणाली.

“तोंड आहे ना?”

मग काय! अविनेशची आई बसली, इसोआचा बाप बसला, रोतुमाच्या आजीबाई पावडरसकट बसल्या, हेडमास्तर टाय खिशात कोंबून बसले. मीही बसले. आजोबांनी डोळे मिटले, खोक्यावर थाप दिली आणि जागच्या जागी गाणं जोडलं. आत्या माझ्या कानात अर्थ सांगत राहिली:

दोरी माझ्या हाती गं,
होडी गेली दूर,
ओढू का मी, सोडू सांगा,
चढू लागला पूर.

आम्ही गायलो. शब्द मोडके, ताल धडधाकट. म्हातारा दर फेरीला तरुण होत गेला. मुलं गप्प बसतात होय! त्यांनी वरून आपलं गाणं चढवलं, आम्ही आमचं. शेवटच्या फेरीला कोण काय गातंय ते चंद्रालाच ठाऊक. थाप पडली तेव्हा आजोबा मागच्या मागे चटईवर आडवे झाले आणि छाती धरून हसायला लागले.

“हरलो! पोरांनी बुडवलं मला!”

मुलांनी आरोळी ठोकली. अविनेश आणि इसोआ एकमेकांच्या अंगावर पडले. आजीबाईंनी उरलेली पावडर आजोबांच्या डोक्यावर रिती केली.

पांढऱ्या भुवयांनी आजोबा उठून बसले. मेलेता समोर गुडघे टेकून बसली होती, धापा टाकत. आजूबाजूचा गोंगाट हळूहळू विरला, कारण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं होतं.

“गाण्यात विचारलं ते खरंच विचारलं मी,” ते म्हणाले. “बोट उद्या सुटते. मी सांगत नाही आता. तू सांग.”

मेलेतानं माझ्याकडे बघितलं नाही. आत्याकडेही नाही. खांदे उडवले नाहीत. तिनं आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले, पावडरनं आणि घामानं माखलेले, आणि मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

“सोडा, आजोबा. मला इथं शिकायचंय.”